मागच्या कडेची खाच

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची ही म्हणते, "सूर्य उगवला तरी तुम्ही विचाराल, आजच का बरं उगवला?" म्हणू दे. तेवीस वर्षं मी एका बाईवर संशय घेतला आणि शेवटी तो खरा निघाला. फक्त ज्या गोष्टीचा घेतला होता ती गोष्टच वेगळी होती, एवढीच काय ती बोंब.

मी संग्रहालयाच्या तळघरात दगड कोरतो. दगडात अडकलेली जुनी हाडं मोकळी करायची, साफ करायची, फुटली असतील तर जोडायची. पदाचं नाव चांगलं हातभर लांब आहे, पण वरपासून खालपर्यंत सगळे मला ‘छिन्नी’ म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे तिथे बाई बसायच्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारे, माशासारखे दिसणारे पण हवेत श्वास घेणारे जे सरपटणारे प्राणी होते, त्यांच्या त्या संशोधक. त्या प्राण्याचं शास्त्रातलं नाव इक्थिओसॉर. म्हणताना जिभेला गाठ पडते, म्हणून मी नुसतं ‘तो’ म्हणतो.

बाईंचं आयुष्य म्हणजे ‘तो’. त्यांच्या आई एकदा संग्रहालय बघायला आल्या होत्या. मोठ्या सांगाड्यासमोर उभ्या राहिल्या, खालीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्यासाठी एवढी स्थळं नाकारलीस? निदान दात तरी बरे असायचे याचे." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, दातच तर चांगले आहेत." बारा महिने एकच तपकिरी स्वेटर, त्याच्या वरच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. एक वाजला की खिडकीशी उभ्या राहून डबा खायच्या, कारण बसून खाल्लं तर झोप येते म्हणे. प्रत्येक हाड तीनदा मोजायच्या: सकाळी, जेवणानंतर आणि दुसऱ्या दिवशी. तिन्ही मापं लिहायच्या. मी एकदा विचारलं, एकदा मोजलेलं पुरत नाही का? तर म्हणे, "छिन्नीराव, हाड तेच असतं. आपला हात रोज वेगळा असतो." मला राव म्हणणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

आता दाखल्यांचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथलीच. तुम्ही एक शोधलेख लिहिलात आणि पुढे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात ‘अमक्यांनी हे दाखवून दिलं आहे’ म्हणून तुमचं नाव घातलं, की तुमचा एक दाखला झाला. दाखले जितके जास्त तितका माणूस मोठा, असा त्यांच्यात रिवाज. आणि आपल्याच जुन्या लेखाचा दाखला आपल्याच नव्या लेखात द्यायलाही कुणी लाजत नाही. आमचे संचालक तर स्वतःचा दाखला दिल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत.

बाईंचे एकूण एकेचाळीस लेख. बहुतेकांना पाच-दहा दाखले. दातांवरच्या एकाला एकोणीस. मणक्यांवरच्या एकाला फक्त एक, तोही शिव्या घालण्यासाठी दिलेला. आणि एका लेखाला तीनशे अकरा! तो लेख होता ‘त्या’च्या वल्ह्याबद्दल.

वल्हं म्हणजे त्या प्राण्याचा पुढचा हात. पोहून पोहून तो वल्ह्यासारखा चपटा झालेला असतो आणि आत बटणांसारख्या गोल हाडांच्या ओळी असतात. आमचं वल्हं एका मातीच्या खाणीतून आलं, तेव्हा मी नुकताच लागलो होतो. मधल्या ओळी दगडात घट्ट होत्या, दोन्ही कडांची हाडं मात्र सुटत होती. पाठीची बाजू आधी साफ करायची म्हणून ठोकळा वाळूच्या पिशवीवर पालथा घातला. सुटी हाडं काढली. डावीकडची डाव्या ट्रेमध्ये, उजवीकडची उजव्या. माझ्या कामात गडबड नसते. मग ठोकळा उलथवला, वरची बाजू साफ केली आणि हाडं आपापल्या कडेला डिंकानं बसवली. जरा बसत नव्हती, थोडं प्लास्टर भरावं लागलं. ते काय, नेहमीचंच.

सगळं बसल्यावर पाहतो तर मागच्या, म्हणजे शेपटीकडच्या, कडेच्या हाडांना बारीक खाच. मी वर फोन केला, "बाई, मागच्या कडेला खाच आहे." बाई एका पायात चप्पल घालून धावत खाली आल्या. हाडं मोजायचा कॅलिपर हातात. "छिन्नीराव, खाच सगळ्यांना पुढच्या कडेला असते! मागच्या कडेला जगात कुणाकडे नाही!" त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. अगदीच पाणचट, पण दिला.

लेख छापून आला, नवी जात ठरली, बाईंचं नाव झालं. शेवटी आभाराच्या ओळीत काय? ‘तळघरातील कर्मचाऱ्यांचे आभार.’ कर्मचाऱ्यांचे! तळघरात मी एकटा होतो. मी आणि एक उंदीर. ज्या खाचेनं त्या मोठ्या झाल्या ती पहिल्यांदा पाहिली कुणी? मी. आणि माझ्या तोंडाला पानं पुसली. ते मी कधी विसरलो नाही. विसरलो असं दाखवलं, एवढंच.

दोन वर्षं गेली आणि बाई बदलल्या. वल्हं दालनातल्या काचेच्या पेटीतून काढून त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. किल्ली स्वतःकडे. म्हणे उजेडानं खराब होतं. हाड! जे अठरा कोटी वर्षं टिकलं ते ट्यूबलाइटनं खराब होतंय! लांबून कुणी अभ्यासक आला की त्याच्यापुढे प्लास्टरची नक्कल ठेवायच्या. मी म्हटलं, बाई, जुना डिंक पिवळा पडतो, मी नवा लावून देतो. तर "राहू दे" म्हणून विषय बंद. खाचेवर भाषण द्यायला बोलावणी यायची, त्यांना नकार. स्वतः कामाला बसल्या दातांवर आणि मणक्यांवर. लोक म्हणायचे, किती साध्या, किती निगर्वी. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. प्रसिद्धीला कुणी उगाच पाठ फिरवत नाही.

यंदा बाई निवृत्त व्हायच्या होत्या. निवृत्त झालं की खोली रिकामी करावी लागते. संग्रहालयाच्या समितीनं ‘सन्माननीय संशोधक’ केलं तरच खोली, सूक्ष्मदर्शक आणि कपाटाची किल्ली हयातभर राहते. बाईंना दुसरं काही नको होतं. मला जिन्यात म्हणाल्या, "घरी काय आहे हो मला? एक टेबल आणि बहिणीचे फोन." संचालकांना ती खोली बैठकांसाठी हवी होती, हे उघड गुपित. पण तीनशे अकरा दाखले असलेल्या माणसाला बाहेर काढणार कसं?

समितीसाठी दाखल्यांची यादी आमच्या ग्रंथपालबाईंनी काढली. मी सहज वर गेलो तर त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"छिन्नी, एक गंमत सांगू? तीनशे अकरा दाखल्यांत बाई स्वतः एकदाही नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे जगानं त्या लेखाचा दाखला दिला, पण त्यांनी स्वतः कधीच नाही. पुढच्या एकाही लेखात नाही. असं मी नोकरीत कधी पाहिलं नाही."

मी सोळाच्या सोळा पानं बोट फिरवून पाहिली. खरंच नाहीत. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोरलेल्या वस्तूचं नाव आपल्या तोंडानं कोण घेईल? दाखला द्यायला बसल्या की खाच कुणी पाहिली हे आठवत असणार. मनाला टोचत असणार. म्हणून ते कपाट, म्हणून ती किल्ली! तेवीस वर्षांचा राग एकदम उसळून वर आला. मी तिथेच कागद मागून अर्ज लिहिला: ‘सदर वल्ह्याची सर्व सुटी हाडे मी स्वतः बसवली असून मागच्या कडेची खाच प्रथम मी पाहिली. याची नोंद समितीने घ्यावी.’ खाली सही, तारीख.

संचालकांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला खुर्ची दिली. त्या खोलीत मला खुर्ची मिळायची ही पहिलीच वेळ.

"प्रत्येक हाड तुम्हीच बसवलंत? नक्की?"

"प्रत्येक," मी छाती पुढे काढून म्हणालो.

समिती दोन दिवसांनी बसणार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. गुडघ्यांमुळे बाई कित्येक वर्षांत खाली आल्या नव्हत्या. मी नळाखाली हात धूत होतो, तो मुद्दाम धूतच राहिलो.

"छिन्नीराव, संचालकांनी दाखवला तो अर्ज मागे घ्या."

"का? घाबरलात?"

"हो," त्या म्हणाल्या. आणि पाकिटातून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला.

खाणीतला फोटो होता. वल्हं अजून मातीत, कुणी हात लावायच्या आधीचं. शेजारी मापाची पट्टी. कडेची हाडं स्वच्छ दिसत होती. खाच होती. पुढच्या कडेला होती. जगातल्या सगळ्यांसारखी.

"फोटो उलटा छापला असेल," मी म्हणालो.

"पट्टीवरचे आकडे वाचा."

मी भिंग लावून वाचले. आकडे सुलटे होते. मग मला ट्रे आठवले. पालथ्या ठोकळ्याची डावी कड डाव्या ट्रेमध्ये. ठोकळा उलथवला की डावी कड उजवीकडे जाते. मी ट्रे उलटे केलेच नव्हते. डाव्यातली हाडं डावीकडेच बसवली आणि बसत नाहीत म्हणून वर प्लास्टर भरलं! मी स्टुलावर बसलोच.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"खणणाऱ्याच्या कॅमेऱ्यात रोल तसाच राहिला होता. लेख आल्यावर दोन वर्षांनी त्यानं धुऊन पाठवला."

"आणि तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमची नेमणूक कच्ची होती. तुमच्या आधीच्याला एक दात मोडला म्हणून काढलं होतं, तुम्हाला माहीत आहे. मुलगी सहा महिन्यांची होती तुमची. म्हटलं, हे कायम होईपर्यंत थांबू."

"मी त्याच वर्षी कायम झालो, बाई!"

"हो." त्या दगड ठेवायच्या पेटीवर टेकल्या. पेन्सिल बोटांत फिरवत होत्या. "त्यानंतरचं तुमच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. दाखले साठ झाले, शंभर झाले. खोटं कशाला बोलू, गोड वाटायचं. उद्या सांगू, परवा सांगू. एवढं एकच पाळलं, की आपण त्या लेखावर पाय ठेवून उभं राहायचं नाही. माझ्या एका ओळीतही नाही."

मला रडावं की ओरडावं कळेना. मी ओरडलो. "मला विचारायचं तरी! चूक माझी होती! ती तुम्ही कुलपात घातलीत आणि मी इथे खाली बसून वर्षानुवर्षं त्याच खाचेसाठी दातओठ खातोय! कुणासाठी? माझ्याच गाढवपणाचं श्रेय मागत होतो मी! आणि ते दाखले देणारी माणसं?"

"तेही आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून उद्या मी समितीला फोटो देणार आहे. तुम्ही अर्ज लिहिला नसता तर कदाचित दिला नसता, हेही खरंय. पण तो मागे घ्या. म्हणजे हाडं कुणी बसवली हा प्रश्नच निघणार नाही. मी म्हणेन, माझ्या हातून झालं."

आता सांगा!

"म्हणजे आता चूकसुद्धा तुम्हीच घेणार?"

एक पायरी, थांबणं, एक पायरी करत त्या वर गेल्या. फोटो माझ्या टेबलावरच राहिला.

घरी गेलो तर आमची ही मशीनवर बसलेली. ती शिवणकाम करते. समोर कुणाचा तरी कोट, तोंडात टाचण्या. मी सगळं सांगितलं, ट्रेपर्यंत. तिनं टाचण्या काढल्या.

"कापड पालथं होतं ना? मग डावी बाही उजवीकडे जाणारच. मी नाही का मागे त्या वकिलाच्या कोटाला लावल्या होत्या?"

"मग काय केलंस?"

"काय करणार? उसवल्या आणि परत लावल्या. त्याला सांगितलं, माझ्याकडून उलट्या लागल्या, दोन दिवस थांबा." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची शिवण जरा जुनी आहे, एवढंच. अर्ज मागे घेताय का?"

"संचालकांनी मला खुर्ची देऊन ‘नक्की?’ असं कशाला विचारलं असेल, याचा विचार करतोय."

"त्यांचा संशय उद्या घ्या," ती म्हणाली. "आज जेवा."

समितीत संचालक आणि बाहेरून आलेले दोन प्राध्यापक. बाई टेबलाच्या टोकाला, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्या बोलायला उठणार तेवढ्यात मी आत शिरलो. हातात कापूस, डिंक सोडवायची बाटली आणि बगलेत फोटो.

"माझ्या अर्जात एक ओळ वाढवायची आहे," मी म्हणालो. "खाच मी पाहिली, हे खरं. ती चुकीच्या कडेला बसवलीसुद्धा मीच. ते वल्हं आणा."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मला बाटली घेऊन परत जावंसं वाटलं. मग त्यांनी किल्ली काढून दिली. वल्हं टेबलावर आलं, मी जुना डिंक भिजवला, प्लास्टर खरवडलं. एका कडेची सात, दुसऱ्या कडेची सहा. अदलाबदल केली आणि एकेक हाड आपल्या जागेवर असं अलगद बसलं की प्लास्टरचा कणही लागला नाही. सगळी दुपार गेली. बाहेरचे प्राध्यापक वाकून पाहत होते. त्यांतल्या एकानं स्वतः तीन वेळा त्या लेखाचा दाखला दिला होता. तो नुसता चष्मा पुसत राहिला.

मग बाईंनी त्यांचं सांगितलं. फोटो कधी आला, किती वर्षं दडवला, सगळं. ‘कच्च्या नेमणुकी’चा उल्लेखही केला नाही. मी तो करायला तोंड उघडलं तर त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

खोली गेली. जायचीच होती. शेवटच्या दिवशी मी खोकी खाली नेऊन दिली. त्यात बहुतेक मापांच्या वह्या. संचालकांनी आठवड्यात तिथे लांब टेबल लावलं. माझ्यावर ठपका आला, नोकरी राहिली. दुरुस्तीचा लेख आम्ही दोघांनी लिहिला, दीड पानाचा. नावांवरून भांडण झालं. बाई म्हणाल्या, दडवलं मी, माझं आधी. मी म्हटलं, चुकलो मी, माझं आधी. आणि तेवीस वर्षांनी माझं नाव छापून येतंय तर ते दुसरं नको. तेव्हा कुठे त्या हसल्या. माझं आधी आलं.

पुढे पाच महिने मी दर सोमवारी ग्रंथपालबाईंकडे डोकावायचो. दाखला शून्य. चुकीच्या लेखाला तीनशे अकरा आणि खऱ्याला शून्य! मला तर कटच वाटायला लागला होता. मग एका सोमवारी त्यांनीच जिन्यातून हाक मारली, "छिन्नी, आला! पहिला!"

"कुणी दिलाय? शिव्या घालायला असेल."

"वाचा तरी."

दातांवरचा छोटासा लेख होता. लेखिकेच्या नावाखाली संस्थेचा पत्ता नव्हता, घराचा होता. म्हणजे त्याच एका टेबलावर लिहिलेला. पहिल्याच परिच्छेदात होतं: ‘या प्राण्याच्या वल्ह्याची खरी रचना आता कळली आहे.’ आणि पुढे कंसात आधी माझं आडनाव, मग त्यांचं. बाई पहिल्यांदा त्या वल्ह्यावर पाय ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

मला रडू आलं. ग्रंथपालबाई बघत होत्या तरी आलं. डोळे पुसून मी म्हटलं, याची एक प्रत काढून द्या, आमची ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची नाही.